उरलेली कणीक

हॅलिफॅक्सच्या दवाखान्यात तुझं नाव पुकारायचे,
"शॅकली डाटार!"
दातारांच्या घरात कानात हिरवा नंबर गोंदलेली
तू पहिलीच.

शर्यतीतून काढलेली. जिना म्हणजे काय, ठाऊक नव्हतं तुला.
तेरा पायऱ्या. सुधन्वाने आठवडाभर
तुझा एकेक पाय उचलून वर ठेवला.
निजायचीस वेटोळं करून, म्हणून चकली.

चोरलंस काय काय:
अख्खं लोणी, माझा डावा मोजा,
आणि संकष्टीचा मोदक, चंद्र उगवायच्या आत.

मग पुढच्या पायाला सुपारीएवढी गाठ.
डॉक्टरीणबाई एक्स-रे दाखवत हळू बोलत होत्या.
मी खिडकीतून बघत होते, बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं,
तीनदा मागेपुढे, तरी तिरकीच.

गोळ्या तुपाच्या पोळीत गुंडाळून द्यायचे.
तू पोळी खायचीस
आणि गोळी स्वच्छ चाटून फरशीवर ठेवायचीस.
मे महिन्यात हसलो ते तेवढंच.

गुरुवारी, साडेचारला.
त्यांनी विचारलं, आत थांबायचंय का?
सुधन्वा बाहेर गेला.
तुझं डोकं माझ्या मांडीवर जड होत गेलं,
पाय मात्र एकदा पळाले.

शेजारच्या डेरेकने कुंपणापलीकडून टोपी काढली,
काही बोलला नाही.
आमचाही कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला.

दोघांच्या चार पोळ्या. कणीक मोजून भिजवते,
तरी लिंबाएवढा गोळा उरतोच.
लाटते. भाजते.
मग ती गार होईस्तोवर
ओट्याशी उभी राहते.