डावा कान

खानापुरात, रुळांच्या पलीकडं, भरमू कुंभाराच्या आवारात
दोन घोडे उभे आहेत, अजून स्वार नसलेले.
एक जायचाय मलप्रभेच्या अलीकडं,
एक पलीकडं.
दोन्हींचा खर्च वर्गणीतून,
दोन्हींची पावतीपुस्तकं आमच्याच फडताळात.
चौथऱ्यावर एक शब्द दोघांनाही हवाय : स्वातंत्र्य.
उच्चार तोच. रंगारी म्हणतो, मराठीत वर रेघ ओढावी लागते,
कन्नडात वळणं जास्त. रंग सारखाच लागतो.

मी फायबर कालवते. हाताला वास राहतो, जेवतानासुद्धा.
साचा मामाच्या वडलांनी केलेला.
समोर उभा होता म्हणे दस्तगीरच्या टांग्याचा घोडा,
जो जन्मभर बेळगावात स्टेशन ते कॅम्प एवढंच धावला,
साहेबांच्या ट्रंका, मडमांच्या टोप्यांच्या पेट्या ओढत,
आणि एकदाच,
पलटणीचा बँड अचानक वाजला तेव्हा बुजून
मागच्या दोन पायांवर उभा राहिला.
आजोबांनी तेवढंच धरलं.
भीती होती ती.
आम्ही आता तिला आवेश म्हणतो.

साच्याचा डावा कान फुटका.
दर वेळी मामा तो बोटांनी वळवतो,
दर वेळी जरा वाकडाच येतो.
म्हणून बसमधून जाताना मला कळतं :
हा आमचा.
पुढच्या चौकातला, लाल-पिवळ्या पताकांखालचा,
हाही आमचाच.
त्याच्या पुढचा भगव्याखाली.
कान बघायचा फक्त.

काल दोन्ही गावच्या कमिट्या आल्या,
चुकून एकाच वेळी.
बशा कमी पडल्या.
बसवंतण्णा म्हणाले, आमची तलवार जरा उत्तरेला.
नारू पाटील म्हणाले, आमची जरा दक्षिणेला.
मामानं पेन्सिल कानामागं खोचली.
"त्या वेळी टोक कुंपणी सरकारकडं होतं," म्हणाला,
"गोरा तर गेला की हो.
आता कुणीकडं धरू?"

बराच वेळ नुसता पंखा.
मग बसवंतण्णांनी मराठीत अजून अर्धा चहा मागितला,
नारू पाटील कपावर हात ठेवून "साकु, साकु" म्हणाले,
आणि दोघांनी उद्या फोन करतो म्हणून सांगितलं.

कोपऱ्यात एक दगड आहे, मोजणीवाल्या साहेबाचा.
वर बाण कोरलाय, कावळ्याच्या पायासारखा.
इथनं त्यानं दोरी ताणली असेल,
कुणाचं शेत कुठं संपतं ते आपल्या वहीत लिहून घेतलं असेल.
मी त्याच्यावर कानस घासते.
बाण झिजत नाही. कानस झिजते.

रात्री मालगाडी जाते तेव्हा आवार हादरतं
आणि दोन्ही घोडे जागच्या जागी थरथरतात,
बँड आत्ताच वाजल्यासारखे.
पाठीवर कुणी नाही, समोर कुणी नाही,
दोघांचे वाकडे कान
रुळांकडं.

तलवारी अजून पोत्यात आहेत.