जॉबर

सकाळी बटण दाबलं तर आतून
कट्-कट्-कट्, मग एक लांब घरघर,
तीन शिट्ट्या,
आणि पडदा काळाच.

गुरुवारी सिकंदराबादच्या शेठला डिझाइन द्यायची होती,
टॉवेलच्या काठावर चोचीला चोच लावलेले अकरा मोर.
चार्जर काढला. बॅटरी काढली.
तीस सेकंद बटण दाबून धरलं, श्वासही धरला.
उलटा करून पाठीवर थोपटला, बाळाला ढेकर यावी तसा.
कट्-कट्-कट्.

नायना उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होते.
"आगु," म्हणाले. थांब.
तीस वर्षं दुसऱ्यांचे माग दुरुस्त केलेला जॉबर,
मग स्वतःचे चार.
माझं बोलणं त्यांना निम्मं ऐकू येत नाही,
यंत्र मात्र तळहातानं ऐकतात.
झाकणावर हात ठेवला. डोळे मिटले.
"धोटा अडकलेला नाही. धोट्याला घर सापडत नाहीये."
मी हसले.

नव्या पेठेत, जिन्याखालच्या दुकानात,
इरेश म्हमाणेनं कान लावला.
"हार्ड डिस्कचं डोकं जागा शोधतंय, ताई. सापडेना."
नायनांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

स्क्रू नऊ. दहावा आधीच कुणीतरी हरवलेला.
पंख्यात दबून बसलेली करड्या तुसाची गादी
चिमट्यानं ओढली तशी अख्खी निघाली,
बोटभर चादरच.
नायनांनी ती चिमटीत फिरवली, उजेडाला धरली.
"दोन पदरी वीस नंबर.
हा जांभळा शेवटच्या ऑर्डरचा."

माग भंगारात जाऊन दोन वर्षं झाली.
शेडमध्ये आता कुणी पाण्याचे जार भरतं.

इरेशनं रॅमची पट्टी शाळेतल्या खोडरबरानं घासली.
शिट्ट्या थांबल्या. कट्-कट् नाही थांबली.
"एकदा उठेल," म्हणाला, "फार तर दोनदा.
काय हवं ते आधी काढून घ्या."

उठला.
मोर आले, अकराच्या अकरा.
हजेरीची फाइल चौऱ्याहत्तर टक्क्यांवर अडली,
कुणाला हप्ता किती दिला, कुणाचा राहिला.
कट्.
मग तेही नाही.

रिक्षात, सात रस्त्याला, तापलेल्या सीटवर
नायना आपणहून बोलायला लागले.
"अंबुबाई येमूल, कांडीवाली, सोळाशे.
दशरथ गड्डम, सहा हजार दोनशे,
लेकीच्या लग्नात मागायला लाजला.
रफीक, दिवाळीचा निम्मा बोनस..."
मी दुरुस्तीच्या पावतीमागे लिहीत गेले.
"हे त्यांनी आपल्याला द्यायचे?" मोठ्यानं विचारलं,
रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.
"नाही. आपण."

पावती भरली. कडेनं उभं लिहिलं.
बारा नावं झाली.
"तेरावा कोण होता?" नायना म्हणाले,
आणि माझ्या मांडीवरच्या
बंद लॅपटॉपवर हात ठेवून
डोळे मिटले.