कपाट चौदा, खण तिसरा

समितीनं नाव ठेवलं ग्रंथसखी.
पेढे वाटले, टॅबला हळदकुंकू वाहिलं,
एक ठिपका अजून आहे कॅमेऱ्याच्या कडेला.
माझी खुर्ची दोन फूट डावीकडे सरकली,
एवढंच झालं खरं तर.

भांडुपच्या आमच्या वाचनालयात
लोक तिला विचारतात तसं मला कधी विचारलं नाही:
न लाजता.
कर्जाचा अर्ज, मूळव्याध,
दहावीला नापास झालेल्याची गोष्ट आहे का एखादी.
ती कंटाळत नाही.
मी कंटाळते. साडेपाचला तर नक्कीच.

मंगळवारी हसुराम भोईर आले,
वय एक्क्याऐंशी, लख्ख उन्हात हातात छत्री.
टॅबवर वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं:
"मिठागरांची नावं लिवलेलं बुक हाय का?
येकेका शिलोत्राला नाव व्हतं.
माझी आय मीठ वडायची."

हो, नक्कीच, ती म्हणाली.
पुस्तकाचं नाव सांगितलं, पानं एकशे बारा,
कपाट चौदा, खण तिसरा.

कपाट चौदात पाककृती आहेत.
तिसऱ्या खणात लोणची.

तरी शोधलं. सव्वीस वर्षांची सवय,
नाही म्हणण्याआधी धुळीत हात घालायचा.
परत येऊन टाइप केलं: असं पुस्तक नाही.
क्षमस्व, माझी चूक झाली, ती लगेच म्हणाली.
इतक्या पटकन चूक कबूल करणारं
या इमारतीत मी कुणी पाहिलेलं नाही.

भोईर हसले.
"खोटं बोलली, पन मनानं चांगली हाय.
असायला पायजे व्हतं, तेच बोलली."

मग बाकावर बसले, छत्री गुडघ्यांत धरून,
आणि सुरू झाले:
वाकडं. सासूचं. चिमणबांध.
उपाशी, तिथं मीठ धरतच नसे.

माझ्याकडे जुनी सूचीची कार्डं पडून होती,
संगणक आल्यापासून बेकार, पाठकोरी.
एका कार्डावर एक नाव.
एकोणीस झाली. विसाव्याला अडले,
डोळे मिटून हात पुढे-मागे करत राहिले
फळी ओढल्यासारखे.
आठवलं नाही.
विसावं कार्ड कोरंच ठेवलं, गड्डीत घातलं.

शुक्रवारी कॉलेजातली एक मुलगी आली,
तिनं टॅबला मिठाबद्दल काहीतरी विचारलं.
ग्रंथसखी म्हणाली, जराही न अडखळता,
कपाट चौदा, खण तिसरा.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.
लोणच्यांच्या मागे बघ, म्हटलं,
रबर लावलेली गड्डी आहे.
पेन्सिलीनं लिहिलंय,
घामेजल्या हातानं धरू नकोस.