मधे नसतंच

उद्यमबागेत सकाळची पहिली भट्टी उतरली की
सिद्धाप्पा जुन्या रुपयाएवढी चकती
चिमट्यात धरून आणतो, अजून कोमट.
मी ती घासते, चकचकीत करते,
यंत्राच्या तोंडावर पालथी ठेवते.
आरगॉन फुसफुसतो.
मग ठिणगी.

निळी. बघायची नाही असं लिहिलंय. बघते.

पडद्यावर आकडे स्थिरावतात,
कार्बन तीन पॉइंट चार, सिलिकॉन दोन पॉइंट एक,
गंधक जरा जास्तच.
"एष्टु री मॅडम?" सिद्धाप्पा दारातूनच.
मी सांगते. तो भंगारवाल्याच्या नावानं
कन्नडमध्ये काहीतरी म्हणतो,
जे मला समजतं आणि इथं लिहीत नाही.

एवढ्यात त्या चकतीत काय काय घडून गेलं,
ते नववीत कडोलकर सरांनी सांगितलं होतं.
येळ्ळूरच्या शाळेत फळ्याचा कंपास मोडलेला.
सर घरून बांगडी आणायचे, मग वाटी,
मग झाकणी, मग ताट:
दोन, आठ, आठ,
आणि ताटाच्या कडेवर कॅल्शियमची दोघं,
कायम चप्पल घालून बसलेली.
"आणि केंद्र केवढं, सर?"
"ताट आपल्या गावाएवढं धर.
केंद्र म्हणजे चांगळेश्वरीच्या देवळापुढं सांडलेला
एक फुटाणा.
बाकी गाव रिकामं."

वर्षाच्या शेवटच्या तासाला डस्टर उचललं त्यांनी,
पुसलं मात्र नाही.
"पुढं कोणतरी येऊन ही ताटं पुसणार.
भांडू नका त्याच्याशी.
खरंच पुसायची असतात ती."

पुसली. बेळगावच्या कॉलेजात, इंग्रजीतून,
हुद्दार मॅडमनी, पाच मिनिटांत.
ताटांच्या जागी धुकं आलं.
तो कुठं आहे हे विचारायचं नाही,
कुठं सापडण्याची शक्यता किती, एवढंच विचारायचं.
घरी सांगितलं तर आई म्हणाली,
"तुझ्या मामासारखंच की गे."

भात उतू गेला की गॅसची ज्योत पिवळी होते.
"सिलेंडर संपूलालाय काय?"
"नाही, मीठ आहे त्यात."
सोडियमचा तो बाहेरचा एकुलता एक
आच लागली की उडी मारून वरच्या पायरीवर,
तिथं काही जमत नाही,
परत खाली,
आणि येताना तेवढं पिवळं सांडून जातो.
"बरं. भात उतर आधी."

येळ्ळूरच्या बसमध्ये मात्र मला सगळं दिसतं.
एकेक बाई एकेका बाकावर, खिडकीशी,
शेजारी पिशवी.
सगळी बाकं एकेकटी भरल्याशिवाय
कुणी कुणाला चिकटून बसत नाही.
आणि बसावंच लागलं दुसरीला,
तर तोंड उलटीकडं फिरवून.
कंडक्टर आम्हाला शून्य रुपयाची तिकिटं फाडून देत
मागं सरकतो.

एकदा विचारलं होतं सरांना,
वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येताना
मधे कुठं असतो तो?
सर बराच वेळ हातावरचा खडू झटकत राहिले.
"मधे नसतंच," म्हणाले.
मग हळूच, "मलापण पटत नाही."

परवा भेटले, शहापूरच्या खडेबाजारात,
वाण्याच्या दुकानापुढं.
माझं नाव आठवेना त्यांना, बाक आठवला:
"खिडकीकडचा तिसरा. काय करूलालीस आता?"
"ठिणग्या पाडते, सर."
"मग? कळलं काय, मधे काय असतंय?"

पर्समध्ये सकाळची चकती होती,
गंधकवाली, नापास झालेली,
तिच्यावर तीन काळे डाग,
मी तीनदा विचारलं म्हणून.
सरांनी ती अंगठ्यानं चाचपली,
उजेडाकडं धरली,
आणि वाण्याला द्यायच्या
सुट्ट्या पैशांत टाकली.