दीड इंची चौकोनी पाइप

जालन्यात लोखंडाला तोटा नाही.
एमआयडीसीकडं चिमण्या रात्रभर धुमसतात,
सळयांचे ट्रक रांगेत उभे.
पण मला हवा होता दीड इंची चौकोनी पाइप,
दोन एमएम जाडीचा,
तो निघाला भंगारात, कुठल्याशा शाळेच्या
मोडक्या बाकांच्या सांगाड्यांतून.
एका पायावर रंगात खरवडलेलं : सविता अधिक –
पुढचं नाव ग्राइंडरनं खाल्लं.

गाडी पाटबंधाऱ्याच्या लिलावातली.
ऊन तिरपं पडलं की दारावर अजून
‘उपविभाग’ एवढी अक्षरं रंगाखालून वर येतात.

एकतीस वर्षं मी लोकांचे बांध मोजले,
आधी साखळीनं, मग टेपनं, मग त्या तिपाईवरच्या यंत्रानं.
दोन भावांच्या मधोमध उभी राहून
चार बोटांचा न्याय सांगितला
आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.
म्हणून रॅकचं माप मीच घेतलं.
गफूर मिस्त्रीनं पडताळलं नाही.
मॅडमचं माप.

लांबी चार फूट, रुंदी दीड.
पाण्याचे दोन कॅन, रॉकेलचा डबा, स्टोव्ह,
तंबू, फावडं, जास्तीची स्टेपनी.
त्यानं गुण्या लावला, टॅक मारले,
‘तिकडं बघा,’ म्हणाला,
आणि मी भिंतीकडं तोंड केलं.
भिंतीवर माझी सावली
निळी होऊन थरथरत होती,
मी एवढी कधी थरथरले नव्हते.

दिवेलागणीला चेसिसवर आठ बोल्ट बसले.
पोऱ्या वर चढला, तीनदा उडी मारली.
काही हललं नाही.
मग मी मागचं दार उघडायला गेले.

चार बोटं उघडलं.

आधी कुणीच हसलं नाही.
मिस्त्री दाराकडं बघतोय, मी टेपकडं,
टेप आपला मान आत घेऊन बसलेला.
शेवटी पोऱ्याच म्हणाला,
‘मॅडम, आता या मोजणीवर अपील कुठं करायचं?’

मिस्त्री हसता हसता टायरवर बसला.
मीही. पोटात दुखेपर्यंत.
रस्त्यावरून जाणारा एकजण थांबून
पुढं गेला.

मग सगळं कापलं.
उसाच्या ट्रॉलीची जुनी पिन सापडली, अंगठ्याहून जाड,
तिच्यावर रॅक फिरता केला, फाटकासारखा,
दुसऱ्या टोकाला खिट्टी.
सायलेन्सरपासून वीतभर लांब घेतला,
‘रॉकेल नेताय नं, मग सरणावर कशाला बसता?’
खालची दांडी वर उचलली,
नाल्यातून चढताना शेपूट टेकू नये म्हणून.
नंबर प्लेट झाकत होती, ती बाहेर काढली.
रेड ऑक्साइडचे दोन हात.

हिशोब करताना त्यानं विचारलं,
‘संगं घरचं कोण येणार?’
‘स्टोव्ह,’ मी म्हणाले.
त्यानं पाचशे कमी केले.
मला ते आवडलं नाही.
निघताना पाचशेची नोट ऐरणीवर ठेवली,
वर हातोडा ठेवला, उडू नये म्हणून.

कन्नडच्या पुढं, गौताळ्याच्या हद्दीबाहेर
(हद्द मला कळते)
एका माळावर गाडी उभी केली.
सागाची पानं पायाखाली पापडासारखी.
वाटेत दोन नाले, एक खडक,
शेपूट टेकलं नाही.
खिट्टी काढली, रॅक बाजूला फिरवला.
पिन कुरकुरली, मग ऐकली.

मागं वळून पाहिलं तर
अख्ख्या माळावर एकच फाटक, उघडं,
आणि डावी-उजवीकडं कुंपणाची एक काडी नाही.
कुणाच्या हिश्शाला किती, विचारायला
माणूसही नाही.
मला जरा भीती वाटली.
मग स्टोव्हला पंप मारला.

चहात साखर दुप्पट पडली.
एक बोल्ट ढिला झालाय, डावीकडून तिसरा.
सतरा नंबरचा पाना
मिस्त्रीच्या टपरीतच राहिला.