एकेचाळीसावं गाव

अभिलेख कक्षात उन्हाळ्यातही पंखा लावत नाहीत,
कागद उडतात.
मी घाम पुसत रुमाल सोडते.
गाठ कुण्या शिरस्तेदाराची, दोनदा फिरवलेली,
नखानं सुटत नाही, दातानं सोडवावी लागते.

आत वर लिहिलंय: पेटा निमखोरे.

आता निमखोऱ्याला एसटी थांबते तीही विनंतीवरून.
तेव्हा तिथं महालकरी बसे,
त्याची घोडी कचेरीच्या लिंबाला बांधलेली,
आणि घोडीच्या चंदीचा हिशेब
महालकऱ्याच्या निकालांपेक्षा नीट ठेवलेला.
रोज सव्वा शेर. एका श्रावणात पाऊण शेर,
शेरा: घोडी आजारी.

त्याच शिवाराला, एक बांधही न हलता,
खानदेश, मग पश्चिम खानदेश, मग धुळे, मग नंदुरबार.
शिक्क्यांची डबी मात्र एकच:
एक पितळी, एक लाकडी, दोन रबरी.
पितळी शिक्क्यात अजून शाई आहे,
वाळून खडूसारखी झालेली.

पेटा मोडल्याचा हुकूम अर्ध्या पानाचा.
तेवीस गावं तापीकाठच्या तालुक्यात,
सतरा डोंगराकडच्या.
मी बोटांवर मोजलं, मग मोबाइलवर.
चाळीस.
पेटा एकेचाळीस गावांचा होता.

टेंभुर्डे कुठंच नाही.
अकरा महिने नाही.
मग एक दुरुस्तीपत्र, ‘नजरचुकीने राहून गेले’,
आणि गाव पुन्हा असायला लागलं.

त्या अकरा महिन्यांत सारा कुणी मागितला नाही,
गावानंही आठवण करून दिली नाही.
एक बैलजोडी चोरीला गेली,
दोन्हीकडचे फौजदार म्हणाले, आमची हद्द नव्हे.
चोराला हे आधी कळलं असणार.
आणि एक मुलगी जन्मली.

ती बाहेरच्या बाकावर बसलीये, लटकनबाई,
पदरात आधार कार्ड, त्यावर जन्म एक जानेवारी,
शाळेत न गेलेल्या सगळ्यांचा असतो तो.
सून म्हणते, पेन्शनला खरी तारीख मागतात.

चंदीच्या हिशेबाखाली हिलाल कोतवालाची वही निघाली.
बोरूचं अक्षर, ओळी उताराला लागलेल्या.
‘बुधवार, दिवस मावळता. मुलगी.
बाप झिपरू दगा. आई बरी आहे.’
आई बरी आहे, असा रकाना
मी कुठल्याच नमुन्यात पाहिला नाही.
तालुका म्हणून जिथं लिहायचं
तिथं त्यानं आडवी रेघ मारलीये.
पुढच्या पानावर रेघ. त्याच्याही पुढच्या.
वही पाठवायची कुठं ते ठाऊक नसताना
हा माणूस लिहीत राहिला,
मेलेले, जन्मलेले, विहिरीला पाणी किती हात.

मी संगणकावर भरायला घेते.
रेघ चालत नाही.
लाल अक्षरं येतात: तालुका निवडा.

बाहेर जाऊन विचारते, कुठला सांगू?
लटकनबाई माझ्याकडे बघते,
जणू मीच वाट चुकून आलेय.
‘गाव आठेच से, माय.
हिंडस तो जिल्हा. तुले जो सापडी तो लिख.’

साहेब जेवायला गेलेत.
मी यादी वरून खाली नेते, खालून वर.
खिडकीतून सुनेचा आवाज येतो,
रिक्षावाल्याला सांगतेय,
अजून थोडं थांब भाऊ,
नाव सापडलंय.