वायसर

आचल माझ्या बहिणीची, अकरावीतली.
सुट्यांत आमच्याकडे आली, पवनीहून आत, धानपट्ट्यात.
सोबत शाळेतल्या मॅडमनी दिलेला जुना लॅपटॉप,
बॅटरी मेलेली. बिजागरी मी तांब्याच्या तारेने बांधून दिली.

मी कूलर दुरुस्त करतो. मे महिन्यात
गाव मला आवाजावरून ओळखू येतं.
लांजेवारांचा पंखा खरखरतो,
उईके गुरुजींचा पंप उचक्या देतो,
कुंदाबाईच्या टाकीत क्षार इतका
की खरवडून भिंत पोतावी.

संध्याकाळी हातांना ओल्या वूडवूलचा वास घेऊन येतो
तर आचलच्या पडद्यावर एक घर.
निळं. खिडक्याच खिडक्या. कूलर नाही.
आत एक बारका टोपीवाला
बेसिनखाली गुडघे टेकून.

"काय करून राहिला हा?"
"नळ गळून राहिला ना जी, मामाजी. दुरुस्त करते तो."
"पैसे किती घेते?"
"त्याचंच घर हाये."

पाना फिरतो. फरशीवरचं पाणी तो पुसतो.
मग डोक्यावर एक हिरवी पट्टी थोडी भरते
आणि तो दोन्ही हात वर करून उड्या मारतो.
"तुमची पट्टी कितीक भरली असन जी?"

एकतीस उन्हाळे.
एकदा शॉक बसला तेव्हा हात वर झाले होते,
तेवढंच.

रात्री कूलरच्या घरघरीत
मी त्या कोण्या माणसाचा विचार करत पडलो
ज्यानं कुठल्याशा थंड खोलीत बसून ते घर लिहिलं.
सगळं त्याच्या हातात होतं.
न गंजणारी तोटी देता आली असती,
धूळ न बसणारं कपाट.
तरी त्यानं लिहिलं, नळ गळावा.
आज नाही, परवा कधीतरी, न सांगता.
दिवा उडावा. संडास तुंबावा.
त्याला कळलं असेल,
सगळंच धड असलं तर टोपीवाला करेल काय?
भिंतीकडे पाहत उभा राहील.
की त्याचाही कुणी मामा होता?

मग लाईन गेली.
निळं घर विझलं, टोपीवाल्यासकट.
कूलर थांबला
आणि मोरीतून आमचा नळ ऐकू आला.
टप्.
दिवाळीपासूनचा. सायकलच्या ट्यूबचं वायसर
कापून ठेवलंय मी खिशात,
पँटीसोबत तीनदा धुतलं गेलंय.

"मामाजी. तुमच्याच घरचा काऊन गळते जी?"
मी झोपलेला.

ती उठली. मोबाईलचा उजेड.
जुनी ओढणी फाडल्याचा आवाज.
चिंधीचं एक टोक तोटीला, दुसरं बादलीत.
टप् थांबलं. पाणी चिंधीवरून
मुंगीसारखं उतरत राहिलं, न बोलता.
हे तिला कुणी शिकवलं ठाऊक नाही.
खेळात हे बटण नाही,
मी दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं.

सकाळी बादली काठोकाठ.
तिनं ती दोन्ही हातांनी उचलली,
अर्धी पायावर सांडत, कूलरमध्ये ओतली,
वाकून आत पाहिलं.
"पावभर भरली," म्हणाली.
"टाकी जी. तुमची पट्टी नाही."